कोलांटीचा कौल

साडेचार वाजले आणि मैदानातल्या हजारभर माना एकदम वर झाल्या.

बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागचं हे मैदान. एरवी तिथं ट्रकवाले टायर बदलायचे. आता मांडव होता, खुर्च्या होत्या, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना गाद्या होत्या, आणि व्यासपीठावर आकाशी रंगाच्या सफारीतले आकाशगुरू डोळे मिटून उभे होते. सफारीला इस्त्री कडक होती. परलोकाशी संबंध असणाऱ्यांना इस्त्रीवाला बरा भेटतो.

"आला! आला!"

कारखान्याच्या छपरामागून पांढरा पक्षी निघाला. मैदानावर त्यानं एक फेरी मारली, पोटावरच्या दोन काळ्या पट्ट्या उन्हात चमकल्या.

"बघा, पंखसुद्धा हलवत नाही," एक बाई शेजारणीला म्हणाली.

"हलवायला तो काय कोंबडा आहे? आणि तो आवाज ऐकलात? गुंऽऽ असा?"

"ब्रह्मांडाचा नाद तो."

आकाशगुरूंनी डोळे उघडले आणि माइक ओढला. "ज्याच्या मनात शंका, त्याचं आकाश बंद! ज्याचं मन रिकामं, त्याचं आकाश खुलं! प्रश्न एक, उत्तर एक. दूत उभी कोलांटी मारेल, तर होय. हवेत कूस बदलेल, तर नाही. दूताचा संचार आठच मिनिटं. का? कारण दिशा आठ!"

मैदानानं टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या विमानमास्तरांनी मात्र डोक्याला हात लावला. दिशा कितीही असोत, त्या बॅटरीत आठच मिनिटं असतात, हे त्यांना ठाऊक होतं. ती बॅटरी त्यांनीच विकली होती.

विमानमास्तर हे काही पदवीचं नाव नव्हे. मास्तरांचं एक अरुंद दुकान होतं. तिथं ते हलक्या फोमची, विजेवर उडणारी, हातातल्या रिमोटनं चालणारी विमानं विकायचे, मोडलेली चिकटवून द्यायचे आणि सुट्टीच्या सकाळी नवशिक्यांना उडवायला शिकवायचे. प्रत्येक नव्या विमानाच्या पोटावर ते स्वतःच्या हातानं दोन काळ्या पट्ट्या लावत, कारण नवशिक्याला वर गेलेलं विमान उलटं आहे की सुलटं हेच कळत नाही. आत्ता डोक्यावरून त्याच दोन पट्ट्या फिरत होत्या. उजवी जरा तिरकीसुद्धा होती.

आणि मास्तरांच्या भाचीचं इन्सुलिन बंद होऊन सत्तेचाळीस तास झाले होते.

भाची बारा वर्षांची. तिचं शरीर इन्सुलिन बनवत नाही. दिवसाला चार इंजेक्शनं, सात वर्षं. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले, तेव्हापासून सुया टोचायचं काम एकट्या आईचं, म्हणजे मास्तरांच्या धाकट्या बहिणीचं. बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. अर्ध्या शहराची नजर तिच्या हातून दुरुस्त होऊन गेली होती. पण एका सकाळी पोरगी म्हणाली, "आई, आजच्या दिवस नको ना," आणि त्याच आठवड्यात कोणीतरी बहिणीला या मैदानाचा पत्ता दिला. तिनं विचारलं, 'इंजेक्शनं बंद करू का?' पक्ष्यानं कोलांटी मारली. आकाशगुरूंनी मायलेकींना कारखान्याच्या पॅकिंगच्या खोलीत, म्हणजे 'शांतिगृहात', तीन दिवस राहायला सांगितलं. औषध नाही, फोन नाही, बाहेरचं माणूस नाही.

काल मास्तर गेले, तर दोन सेवकांनी त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर सोडलं. पोलीस चौकीवरचा अंमलदार म्हणाला, "आई सोबत आहे ना? मग आम्ही काय लिहू, आईनं मुलीला पळवलं?" आणि मग आवाज उतरवून, "तुमची तिथं ओळख आहे का हो? माझा बदलीचा प्रश्न विचारायचाय." आज सकाळी कोणाच्या तरी फोनवरून भाचीचा आवाज आला होता. "मामा, खूप तहान लागते. पाणी प्यायलं की उलटी होते." मग फोन बंद. मास्तरांनी तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापर्यंत थांबू नका. आज आणा. आत्ता आणा."

शांतिगृहात जाण्याआधी बहिणीनं फोनवर 'पक्षी' म्हटलं तेव्हा मास्तरांना वाटलं होतं, शिकवलेलं कबूतर असेल. आत्ता ते त्या पक्ष्याची प्रत्येक हालचाल निरखू लागले.

मैदानात प्रश्न चालू होते. बंद पडलेलं दुकान पुन्हा उघडू का? आकाशगुरूंनी उजवा हात वर केला. पक्ष्यानं नाक जरा खाली घातलं, वेग घेतला, आणि सरळ वर जाऊन मागे कोलांटी. होय! परदेशी गेलेला मुलगा परत येईल का? उजवा हात. कोलांटी. होय! नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या थांबवू का? उजवा हात. होय!

मास्तरांना कोलांटीच्या आधीची ती घाईची बुडी ओळखू आली. माणूसही आठवला.

सात महिन्यांपूर्वी तो दुकानात आला होता. मास्तरांनी त्याचं नाव घाईवाला ठेवलं होतं. "सर, पुतण्याचा वाढदिवस आहे. मला दोनच करामती शिकवा. उभी कोलांटी आणि आडवी कूस. बाकी विमानशास्त्र राहू दे." कोलांटी तो तिसऱ्या दिवशी शिकला. ती सोपी असते. मोटर पूर्ण, नाक किंचित खाली, वेग आला की रिमोटवरची काडी पोटाशी ओढायची, बाकीचं विमान करतं. कूस मात्र त्याला कधीच जमली नाही. कुशीवर वळताना विमान क्षणभर पूर्ण उलटं होतं. उलट्या विमानात काडी ओढली तर ते वर न जाता जमिनीत घुसतं. तिथं काडी पुढं ढकलावी लागते. हाताला वाटतं त्याच्या नेमकं विरुद्ध. घाईवाला दर वेळी ओढायचा. चार वेळा मास्तरांनी त्याच्या विमानाचं नाक चिकटवून दिलं. नवव्या दिवशी तो म्हणाला, "कूस राहू द्या सर. तिची काही गरज पडणार नाही."

गरज खरोखरच पडली नव्हती. गेले कित्येक आठवडे या मैदानात सगळ्या प्रश्नांना 'होय'च उत्तर येत होतं, आणि लोक म्हणत होते, काय दयाळू दूत आहे! त्या दयेचं कारण एवढंच होतं की छपरावर लपलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नव्हतं. एका अर्धवट शिकलेल्या अंगठ्यानं एका पोरीचं औषध बंद केलं होतं. आणि तो अंगठा मास्तरांनी शिकवला होता.

"ते विमान आहे!" मास्तर ओरडले. "फोमचं विमान! माझ्या दुकानातलं! छपरावर माणूस बसलाय, तो चालवतोय!"

हजार माना वळल्या. दोन सेवक निघाले. आकाशगुरूंनी त्यांना हातानं थांबवलं आणि असे हसले, की मास्तरांचीच दया आली असावी.

"खरं बोलतात ते. देह यांच्या दुकानातलाच आहे. यांनी देह विकला, प्राण आम्ही घातला! निमित्त झालेल्या माणसाला मागे का उभं करता? पुढं आणा त्यांना, गादी द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका गृहस्थानं मास्तरांची बाही ओढली. "दुकान कुठं आहे हो तुमचं? तसला देह अजून एखादा शिल्लक आहे का?"

मास्तरांच्या आयुष्यातलं सर्वांत खरं वाक्य असं फुकट गेलं. पण त्यामुळं ते पहिल्या रांगेपर्यंत पोचले, आणि पहिल्या रांगेत, 'होय' मिळालेल्या भाग्यवंतांमध्ये, त्यांची बहीण बसली होती. दोन दिवसांत ती दोन वर्षांइतकी वाळली होती.

"पोरगी कशी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"झोपलीय. जोरजोरात श्वास घेतेय. ते म्हणाले, जुना रोग श्वासातून निघतोय."

"तोंडाला वास येतोय? नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा?"

तिनं पदर नाकाशी धरला. मग म्हणाली, "दादा, मला घाबरवू नकोस. मी आधीच खूप घाबरलेय. सात वर्षं टोचतेय मी तिला. दहा हजार वेळा. कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं, पुरे कर. सगळ्यांसमोर होय आलं."

"ते सगळ्यांनाच होय येतं. त्याला 'नाही' जमतच नाही. मीच शिकवलंय त्याला."

"तू काहीही म्हणशील आता."

"नको ऐकूस माझं. तुझ्या दुकानात चिठ्ठीवर नंबर लिहिलेला असतो, म्हणून तू काच तशीच फ्रेममध्ये बसवतेस का?"

"म्हणजे?"

"रेघेवर धरून हलवून बघतेस ना आधी, रेघ सरकते का ते? एकदा उभी, एकदा आडवी?"

"बघावंच लागतं. माणसाच्या डोळ्यांचा प्रश्न असतो."

"मग हेही एकदा हलवून बघ. उलटा प्रश्न विचार. 'इंजेक्शन पुन्हा सुरू करू का,' एवढाच. 'नाही' आलं, तर मी तुझ्या पाया पडून निघून जाईन. तुझी शपथ."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. तेवढ्यात शांतिगृहातून कण्हण्याचा आवाज आला की तिला तसा भास झाला, कोण जाणे. ती उठली, व्यासपीठाशी गेली आणि सेवकाच्या हातातला माइक तिनं काढूनच घेतला.

"परवा मी विचारलं होतं, मुलीची इंजेक्शनं बंद करू का. होय आलं. आज विचारते." तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. "इंजेक्शनं पुन्हा सुरू करू का?"

आकाशगुरूंची इस्त्री पहिल्यांदाच जरा चुरगळली. "माते, एका विषयावर दूताला दोनदा—"

"विचारू द्या की!" मागून कोणी म्हणालं. "दूत काय घाबरतो काय?"

"हो, हो! होऊन जाऊ दे!"

भक्तांची श्रद्धा इतकी पक्की होती, की तिनं गुरूंनाच कोंडीत पकडलं. कोलांटी मारली तर परवाचं उत्तर खोटं. कूस बदलली तर ठीक. आकाशगुरूंनी डोळे मिटले आणि सावकाश डावा हात वर केला. त्या मैदानात तो हात कधी कोणी वर गेलेला पाहिला नव्हता.

पक्ष्यानं एक फेरी मारली. दुसरी मारली. छपरावर कोणाला घाम फुटला असेल, ते मास्तरांना दिसत नसूनही दिसत होतं. मग पक्षी खाली आला, थेट पहिल्या रांगेच्या डोक्यावर, आणि त्याचा पंख थरथरला. किलोभर वजन, पुढं फिरतं पातं, आणि खाली शंभर डोकी. मास्तरांच्या आतला शिक्षक, मामा आणि भाऊ यांना बाजूला सारून, ओरडला:

"माणसांवरून नको, मूर्खा! ट्रकच्या बाजूला घे!"

पक्षी ट्रकच्या बाजूला गेला.

"उंच घे! आणखी! तीन चुका झाल्या तरी उरेल एवढं उंच!"

पक्षी वर चढला.

 हजार माना आधी पक्ष्याकडं, मग मास्तरांकडं, मग पुन्हा पक्ष्याकडं गेल्या. आकाशगुरूंनी डोळे उघडले. त्यांचा डावा हात अजून वरच होता, पण त्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. दूत दुसऱ्याचंच ऐकत होता.

"नाक वर धर. आता काडी डावीकडं, पूर्ण! उलटं झालं... ढकल! ओढू नको, ढकल, ढकल!"

पोटावरच्या काळ्या पट्ट्या आकाशाकडं वळल्या. पक्षी क्षणभर उताणा लोंबकळला. आणि मग, जसं चार वेळा झालं होतं तसंच, नाक खाली घालून सरळ जमिनीत घुसला. ट्रकच्या मागं 'फाड्' असा, ब्रह्मांडाला अजिबात न शोभणारा आवाज झाला.

कारखान्याच्या छपरावर, पाण्याच्या टाकीमागून, गळ्यात रिमोट अडकवलेला एक माणूस उठून उभा राहिला. त्याला ना गर्दीचं भान होतं ना गुरूंचं.

"सर!" तो रडवेल्या आवाजात ओरडला. "परत ओढली गेली हो, सर!"

खोटेपणाचा इतका प्रामाणिक कबुलीजबाब कोणी कधी ऐकला नसेल. तरीही आकाशगुरू माइककडं झेपावले. "दूतानं देह ठेवला! तुमच्या पापांसाठी देह ठेवला!" आणि खरं सांगायचं तर काही जण रडले. काही जण धावत जाऊन फोमचे तुकडे खिशात घालू लागले. बाकीचे उभे राहिले आणि आपापल्या घरी कोणतं औषध, कोणता खटला, कोणती परीक्षा आपण या अंगठ्यावर सोडून दिली, ते आठवू लागले. ते आठवणं फार सुखाचं नसावं. एकमेकांकडं कोणी बघत नव्हतं.

मास्तरांची बहीण हे काही बघायला थांबली नव्हती. शांतिगृहाच्या दारात सेवक म्हणाला, "बाई, तीन दिवस पुरे झाल्याशिवाय—" तिनं त्याला असं ढकललं की तो साबणाच्या जुन्या खोक्यांवर बसला. आत पोरगी चटईवर पडली होती. ओठ फाटलेले, डोळे अर्धे उघडे, श्वास धावून आल्यासारखा खोल आणि जोरात. उशाशी पाण्याच्या सात रिकाम्या बाटल्या.

"मामा," ती म्हणाली, "पाणी."

मास्तरांनी तिला उचललं. ती फोमच्या विमानासारखी हलकी लागली, आणि हा विचार मनात आला म्हणून त्यांना स्वतःची चीड आली. एका ट्रकवाल्यानं न विचारता केबिनचं दार उघडलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला. "किती तास?"

"एकोणपन्नास," मास्तर म्हणाले.

दार बंद झालं. अर्ध्या तासानं बाई बाहेर आल्या, तेव्हा बहिणीनं त्यांचे दोन्ही हात धरले. "वाचेल ना? होय की नाही, एवढंच सांगा मला."

"आत्ता नाही सांगता येणार."

"म्हणजे काय? एवढ्या शिकलात तुम्ही!"

"शिकले म्हणूनच सांगता येत नाही," बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "सलाइन आणि इन्सुलिन चालू केलंय. रक्तात आम्ल साठलंय. साखर पाचशे ब्याऐंशी आहे. दर तासाला रक्त तपासणार. उतरली तर हेच चालू, नाही उतरली तर मात्रा बदलणार. माझं चुकत असेल तर तासाभरात मलाच कळेल. बसा."

ती बसली. मास्तरही बसले. 

"मी तिला मारलं का रे दादा?"

"तू दमली होतीस. दमलेल्या माणसाला धरणारे लोक असतात. मीही त्यांना सामान पुरवलंच की."

ट्रकच्या मागोमाग आलेली एक बाई जिन्यावरून वर आली. मैदानात नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या थांबवण्याचा 'होय' मिळालेली हीच. मुठीत फोमचा पांढरा तुकडा होता. ती मास्तरांसमोर घुटमळली.

"तुमचं ऐकत होता ना तो? मग तुम्हीच सांगा. गोळ्या थांबवू की चालू ठेवू?"

मास्तरांना क्षणभर मोह झाला. छातीवर हात ठेवून म्हणावं, 'चालू ठेवा, असा कौल आहे,' आणि मोकळं व्हावं. एका नवऱ्याचा जीव वाचला असता आणि उद्यापासून दुकानासमोर रांग लागली असती.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "मी विमानं चिकटवणारा माणूस. तुमच्या डॉक्टरला विचारा, आणि त्यांनाही नुसतं होय-नाही विचारू नका. का, ते विचारा. चूक असेल तर कशावरून कळेल, ते विचारा. जो चिडेल, 'शंका घेऊ नका' म्हणेल, तिथून उठून या. बाबा असो, डॉक्टर असो, मी असो. आणि ज्याच्याकडून कधीच 'नाही' येत नाही, त्याच्या 'होय'वर घरातलं माणूस सोपवू नका. आत्ता मात्र आधी घरी फोन करा आणि शेवटची गोळी कधी घेतली ते विचारा."

बाई जिन्याच्या तोंडाशी जाऊन फोनवर बोलू लागली. "अहो, कधी घेतली होती शेवटची? ...परवा? मी विचारायच्या आधीच सोडल्या? ...नाही, नंतर सांगते सगळं. कपडे घाला. दवाखान्यात जायचंय."

आतलं दार उघडलं. नर्सच्या हातात एक कागद होता. बहीण उठली आणि तिची बोटं मास्तरांच्या मनगटात रुतली.

"पाचशे चौदा," नर्स म्हणाली.

"म्हणजे बरी होणार?"

"म्हणजे उतरतेय," नर्स म्हणाली. "एक तासानं पुन्हा बघू."

बहिणीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि ती परत खाली बसली, जागी, ताठ, पुढच्या आकड्याची वाट बघत.